फाटका कान आणि नवा फोन

"ह्यो फोन वापस घ्या, ताई."

मारोतीमामांनी डबा काउंटरवर ठेवला. डब्यावर फोन घेताना लावलेलं हळदकुंकू अजून तसंच होतं. मामांनी तो हळूच ठेवला, पण हात मागे घेतल्यावर पुन्हा त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात सेल्सचं काम करते. काउंटरमागे उभं राहून केस पिकायला लागलेत. "वापस घ्या" हे वाक्य मला नवं नाही, त्याची कारणंही ठरलेली असतात. बॅटरी टिकत नाही. फोन गरम होतो. दुकानातल्या डेमो पीसवर दिसले तसे फोटो घरी येत नाहीत. शिवाय शेजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी याच्याहून मोठा फोन घेतलेला असतो. हे शेवटचं कारण कुणी तोंडाने सांगत नाही, पण निम्म्या तक्रारींच्या खाली तेच असतं.

"काय झालं मामा? बंद पडला का?"

"न्हाई. चालू हाय."

"मग फोटो चांगले येत नाहीत?"

"लय चांगले येतेत. तीच तर तकलीफ हाय."

असली तक्रार मी कधी ऐकली नव्हती. मी मामांकडे नीट पाहिलं. वय साठीच्या पुढचं. चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे व्रण, गालभर. एरवी बोलका असणारा हा माणूस त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी बाहेर पाहिलं. दुकानासमोर एक छोटा टेम्पो उभा होता. टेम्पोला टेकून हिंगोलीचे सलीमभाई उभे होते, हाताची घडी घालून. आणि आमच्या दुकानाच्या बोर्डाच्या खांबाला एक काळा बोकड बांधलेला होता. तो कंपनीच्या नव्या बॅनरचा कोपरा शांतपणे चघळत होता.

मामा जवळच्या वाडीवरचे धनगर. शेळ्या-मेंढ्या राखणं हा घरचाच धंदा. बकरी ईद जवळ आली की त्यांचे बोकड हिंगोलीला जातात आणि ते बहुतेक सगळे सलीमभाईच नेतात. सलीमभाई जनावरांचे व्यापारी, त्यांचे वडीलही तेच करायचे. पूर्वी मामा बोकड घेऊन चालत बाजाराला यायचे. दोन्ही गुडघे गेल्यापासून ते बंद झालं. मग सलीमभाई म्हणाले, "मामा, एक कॅमेऱ्याचा फोन घ्या. फोटो धाडा. मी तिथं बसून पाहतो, टेम्पो पाठवतो." म्हणून मामा फोन घ्यायला आमच्याकडे आले होते. खेळायला नाही, व्हिडिओ पाहायला नाही, फक्त बोकड दाखवायला. असं नेमकं काम सांगून फोन मागणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. मला ते फार आवडलं होतं.

"मामा, नीट सांगा. काय झालं?"

मामा काही बोलायच्या आत सलीमभाई पायरी चढून आत आले.

"मैं बताता हूं, ताई. यांनी मला ह्या बोकडाचा फोटो धाडला. मी पुढं ज्या घराला द्यायचा त्यांना दाखवला. त्यांनी पसंत केला. आज टेम्पो वाडीवर धाडून यांना आणि बोकडाला इथं बाजारात आणलं, हात लावून पाहिला, तर कान फाटलेला. कुर्बानीला ऐबवाला जानवर नको, असं त्या घरानं पहिलंच सांगितलेलं. फोटोत कान साबूत, इथं फाटका. अब मैं क्या समझूं?"

ऐब म्हणजे खोट. कुर्बानीच्या जनावरात ती चालत नाही, निदान ज्यांचा बोकड होता त्या घराला तरी चालणार नव्हती.

"म्या काई केलं न्हाई," मामा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "म्या फकस्त बटन दाबलं."

"मामा, तुमचा माल मी डोळे झाकून घेत होतो," सलीमभाई म्हणाले. "आता उघडे ठेवून बी भीती वाटून राहिली. यंदापासून मला दुसरीकडं पाहू द्या."

हे ऐकल्यावर डबा काउंटरवर का आला ते मला कळलं. बोकड एक विकला गेला नसता तर मामांनी फोनला दोष दिला नसता, तेवढं त्यांना सोसलं असतं. पण सलीमभाईंनी त्यांना खोटारडा धरलं होतं, आणि तेही भर बाजारात.

आतल्या खुर्चीवरून आमचे गजाननशेठ म्हणाले, "सुनीताताई, सील फोडलेला फोन वापस होत नाही म्हणून सांगा त्यांना."

शेठ खरंच बोलत होते. डब्याचं सील फोडून फोन एकदा चालू केला की कंपनीच्या लेखी तो जुना झाला. बिघडला तर दुरुस्ती, पण "आवडला नाही" म्हणून कंपनी परत घेत नाही. आणि हा फोन तर बिघडलेलाही नव्हता.

"वापस नंतर बघू," मी म्हणाले. "आधी फोटो दाखवा, मामा."

फोटो पाहिला आणि मीही क्षणभर चाट पडले. काळाभोर बोकड, अंगावर तजेला, मान वर. मागे गोठ्याचं अंधारं दार होतं, पण ते धुक्यात गेल्यासारखं दिसत होतं. दोन्ही कान लांब, खाली लोंबलेले, सुरेख. लग्नाच्या अल्बममध्ये लावावा असा फोटो. बोकडाला स्थळ सांगून आलं असतं.

मी बाहेर जाऊन बोकडाचा डावा कान हातात घेतला. टोकाकडे चांगली दोन बोटं आत चीर गेली होती. जुनी, भरून आलेली. बोरीच्या कुंपणात अडकून फाटला असेल. मी परत फोटोत पाहिलं. फोटो बोटांनी मोठा केला. तेव्हा दिसलं की कानाची कडच नीट नव्हती. खालचं टोक मागच्या धुक्यात विरघळलं होतं. कान अर्ध्यावर संपला होता आणि पुढचा पाहणाऱ्याच्या डोळ्याने स्वतःच्या मनाने पुरा केला होता.

माझ्या लक्षात आलं. मी कॅमेरा उघडला. पोर्ट्रेट मोड चालू होता.

पोर्ट्रेट म्हणजे काय, ते सांगते. समोरचा माणूस आणि मागचा देखावा फोन वेगळे काढतो आणि मागचं सगळं धूसर करून टाकतो. त्यामुळे माणूस उठून दिसतो. पण वेगळं काढताना कडेला त्याची गफलत होते. मोकळे केस, कानातले डूल, चष्म्याची काडी असलं काहीबाही तो मागच्या धुक्यात ढकलून देतो. माणसाचे चार केस गेले तर कोण तक्रार करतो? बोकडाचा कान गेला, तिथे मात्र पंचाईत झाली.

आता हा मोड मामांनी लावला नव्हता. त्यांना तो माहीतही नव्हता. तो लावला होता आमच्या दुकानाने.

आमच्याकडे एक रीत आहे. फोन विकला की गिऱ्हाइकाच्या हातात डबा द्यायचा, पेढा द्यायचा आणि त्याच्याच नव्या फोनवर त्याचा पहिला फोटो काढायचा. तो फोटो दुकानाच्या स्टेटसला लावायचा. पहिला फोटो पोर्ट्रेटमध्येच काढायचा आणि चेहरा गुळगुळीत करणारी पट्टी पूर्ण ओढायची, ही शेठची सक्त ताकीद. "पहिल्या फोटोत गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे," हे त्यांचं वाक्य.

त्यातून पुढे दुसरा घोळ झाला. कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला की तो साध्या फोटोवर येतो. मग लोक दोन दिवसांनी यायचे आणि म्हणायचे, "दुकानात चांगला फोटो आला, घरी येईना. तुमी डेमोचा फोन दाखवला आन् दुसराच दिला." भांडणं व्हायची. ती टाळायला कॅमेऱ्यातली 'शेवटचा मोड लक्षात ठेव' ही सेटिंग आम्ही चालू करून द्यायला लागलो. भांडणं थांबली. सगळे घरी गेल्यावरही सुंदर दिसायला लागले. गिऱ्हाइकाचा हिरमोड होऊ नये म्हणून केलेला हा उद्योग फिरून मामांच्या बोकडापर्यंत पोचला होता.

मी सलीमभाईंना आणि मामांना बाहेर बोलावलं. बोकडाला टेम्पोच्या सावलीत उभं केलं. त्याच्या तोंडातून बॅनर काढून घेतला, ते त्याला आवडलं नाही. आधी होता त्याच मोडवर फोटो काढला. कानाचं टोक पुन्हा धुक्यात गेलं. मग साध्या मोडवर काढला. चीर स्पष्ट दिसली. दोन्ही फोटो सलीमभाईंपुढे धरले.

"पाहा. मामांनी काही केलेलं नाही. फोनने केलंय."

सलीमभाईंनी दोन्ही फोटो नीट पाहिले. पण त्यांचं समाधान झालं नाही. व्यापारी माणूस, जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजणारा. तो असा ऐकत नसतो.

"फोनला काय मालूम, ताई, कोणता ऐब छुपवायचा? नेमका तोच कसा गेला? आजकाल पोरं फोटोत काय बी करतेत. यांच्या वाडीवर कुणी तरी करून दिलं असंल."

"कुणी न्हाई करून देलं," मामा म्हणाले.

मला राग आला. सलीमभाईंचा नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. राग आला तो त्या गुळगुळीत फोटोचा. आणि त्या रागातच मला मामांचा पहिला फोटो आठवला. मी फोनच्या गॅलरीत अगदी मागे गेले. सापडला. हातात डबा, डब्यावर हळदकुंकू, डोक्याला फेटा, तोंडात पेढा. आणि गाल कसे, तर लोण्यासारखे. देवीचा एक व्रण नाही.

"सलीमभाई, हे कोण? हा फोटो वाडीवरचा नाही, फोन घेताना इथंच दुकानात काढलेला."

त्यांनी फोन हातात घेतला. फोटो पाहिला. मग मान वर करून मामांचा चेहरा पाहिला. पुन्हा फोटो पाहिला. हाताची घडी केव्हाच सुटली होती.

"या अल्ला," ते म्हणाले. "मामा, तुमचे बी ऐब काढून टाकले की यांनी!"

आणि ते हसले. मोठ्याने, पोट धरून. मामांनी फोटो मागून घेतला.

"घरी म्हातारीनं पाह्यला तवा म्हणली, ह्यो कोण पाव्हणा? म्या म्हणलं मजाक करून राहिली," मामा म्हणाले. मग तेही हसले, पण अर्धवट.

शेठ दारात येऊन उभे होते. त्यांना हसावं की नाही ते कळत नव्हतं.

मला वाटलं, झालं, मिटलं. मी डबा उचलायला निघाले. पण सलीमभाई हसायचे थांबले आणि त्यांनी जे विचारलं, ते मला सुचलंही नव्हतं.

"फोटोचं समजलं, मामा. फोनची गलती. पण एक सांगा. इतकी वर्षं तुमी मला पहिले ऐब सांगत आले. साध्या फोनवर बी. 'सलीमभाई, कान फाटका हाय, पाय जरा लंगडतो, मंग ह्यो हाय, त्यो हाय.' चांगलं नंतर सांगायचे. ह्या टायमाला काहून न्हाई सांगितलं?"

मामांनी फोन हातात उलटापालटा केला. बोकड ओरडला तरी कुणी तिकडे पाहिलं नाही.

"फोटो धाडला होता ना," मामा म्हणाले. "ताईनं फोन देताना सांगितलं, डोळ्याला दिसतं त्याच्याहून साफ येतं. म्या म्हणलं, फोटोत सगळंच दिसून राहिलं, तर वरून तोंडानं काय सांगायचं? तुमी शिकलेले माणसं. तुमाला दिसंल."

ते वाक्य कंपनीच्या ट्रेनिंगमधलं होतं. कॅमेरा विकताना आम्ही सगळेच ते म्हणतो. म्हणता म्हणता त्याचा अर्थ आमच्यापुरता संपलेला असतो. मामांसाठी तो संपला नव्हता. त्यांनी ते ऐकलं आणि आपलं एक काम त्या फोनवर सोपवून दिलं, तेही असं की जे त्यांच्या वडिलांपासून घरात चालत आलं होतं. आधी खोट सांगायची, मग गुण. फोन आला आणि खोट सांगायची गरजच उरली नाही, असं त्यांना वाटलं. नव्या फोनकडून लोक कितीतरी अपेक्षा धरतात हे मला माहीत होतं. पण त्याने आपल्या वतीने खरं बोलावं, ही अपेक्षा मी पहिल्यांदा पाहत होते.

मला वाईट वाटलं. 

"चला वाडीवर," मामा सलीमभाईंना म्हणाले. "दुसरा बोकड हाय. हात लावून पाहा. न्हाई पटला तर राहू द्या. आपलं मागणं तेवढंच."

"वाडीवर न्हाई येत," सलीमभाई म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला. सलीमभाई आत येऊन काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाईक बसतं ते स्टूल.

"इथंच सांगा. तोंडानं सांगा. जसं सांगत होते तसं."

मामांनी आत येऊन फोन काउंटरवर ठेवला. गुडघ्यांवर हात टेकवून ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि घसा साफ केला. भाषण करायला उठल्यासारखे.

"पहिले ऐब ऐका. मारतो. लेकराला जवळ जाऊ देऊ नका, दावं आखूड ठेवा. खायाला नखरे लय. भरडा ठेवला तर तोंड फिरवतो, पाला लागतो. रात्री एकटा बांधला तर वरडतो, शेजाऱ्याला झोप लागू देत न्हाई. अंगाला मात्र खरोच न्हाई. कान साबूत, शिंग साबूत, डोळे पाण्यावानी. दोन दाती."

दोन दाती म्हणजे दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आलेला, वर्ष पुरं केलेला बोकड. कुर्बानीला तोच लागतो.

"रंग?"

"काळाच. कपाळाला पांढरा ठिपका."

"फोटो पाहू का?" मी विचारलं. सवयीने बोलून गेले.

"नको," सलीमभाई उठले. "उद्या टेम्पो पाठवतो, मामा. त्योच द्या. आणि पाला बांधून द्या संगं, नवाब हाय तर."

 मामांनी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. गर्मी होती, पण फक्त गर्मीमुळे पुसलं असं मला वाटत नाही.

फोन परत घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मी पोर्ट्रेट बंद केला, चेहऱ्याची पट्टी शून्यावर आणली, कॅमेरा उघडला की साधा फोटोच येईल असं करून दिलं आणि मामांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं. आधी आवाज, मग फोटो. ते त्यांना पहिल्याच खेपेला जमलं. त्यांच्या बोलण्याचा क्रमच तसा होता.

"आता खरं दाखवतो का ह्यो?" त्यांनी विचारलं.

"समोर आहे तेवढं दाखवतो, मामा. बोकड मारतो हे त्याला नाही दिसत. ते तुम्हीच सांगायचं."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि डबा उचलला.

संध्याकाळी शेठशी माझं वाजलं.

"एका बोकडापायी दुकानाची रीत बदलायची काय, ताई? लोकांना स्वतःचा खरा फोटो नको असतो."

"त्यांना विचारून लावू की. आपण न विचारता लावतो."

"विचारलं तर सगळे हो म्हणतील."

"म्हणू देत. पण त्यांना माहीत तरी असेल."

शेठ पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनाही सलीमभाईंचं ते हसणं लागलं होतं, असं मला वाटतं. आता आम्ही फोन देण्याआधी विचारतो, "फोटो कशाचे काढणार?" लोक आधी बुचकळ्यात पडतात. मग सांगतात. कुणाला कपाशीच्या पानावरचा रोग कृषी केंद्रात दाखवायचा असतो, कुणाला जखम डॉक्टरला. त्यांना साधा मोड. ज्यांना लग्नात मिरवायचंय त्यांना पोर्ट्रेट. आणि डोळ्याला दिसतं त्याहून साफ येतं, हे वाक्य मी बंद केलं. ट्रेनिंगला कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने विचारलं, कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार? मी म्हणाले, आहे, फोटो फार चांगले येतात. तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

ईद झाल्यावर मामा फोनला कव्हर घ्यायला आले. म्हणाले, तुमच्या स्टेटसला मागं माझा फोटो लावला होता, तसा पुन्हा लावा, पण खरा. जीपमधे लोकं म्हणत होते, मामा तुमचा फोटो कधी लावला, आम्हाला दिसलाच न्हाई. फोटोत म्या होतो तरी त्यायनी वळखलं न्हाई.

मी त्यांना दाराशी उजेडात उभं केलं. साध्या मोडवर फोटो काढला. सगळे व्रण आले, कपाळावरच्या आठ्या आल्या, एक दात नाही तेही आलं. शेठ खांद्यावरून वाकून म्हणाले, "हा लावायचा? बरा नाही दिसत." मामांनी फोन घेऊन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिलं.

"ह्यो लावा," ते म्हणाले. "ह्याच्याकडून लोकं बोकड घेतेत."

मी लावला. थोड्या वेळाने त्याखाली हिंगोलीहून सलीमभाईंचं उत्तर आलं. एवढंच होतं: "अब बराबर है." मी ते मामांना वाचून दाखवलं, आणि ते कव्हर घेऊन जीप पकडायला गेले.